राखाडी 'हो'

सकाळी साडेदहाला पंचायतीची खिडकी उघडली,
चिमणीनं प्रिंटरवर टाकलेल्या काड्या झाडल्या,
बटण दाबलं.
दाखल्यांच्या सॉफ्टवेअरनं तोंड फिरवलं:
जुनं झालंय, आधी अपडेट करा.

करते, म्हटलं.
स्क्रीन काळवंडला, मधोमध चौकट आली.
हा प्रोग्राम बदल करू पाहतोय, चालेल का?
'नाही' ठळक, तयारीत.
शेजारचं 'हो' विझल्या चुलीच्या रंगाचं,
दाबलं तर दबत नाही.
ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका.

मी सुकेशिनी वासुदेव खोब्रागडे,
दीड वर्षापासून इथली संगणक परिचालक.
कुलपाची किल्ली माझ्याजवळ, झाडूही माझ्याजवळ,
पण या डब्याच्या लेखी मी पाहुणी:
बसा, चहा घ्या,
भांड्याला हात लावू नका.

बाकावर भूमिका मडावी.
नर्सिंगला नंबर लागलाय, रहिवासी दाखला उद्यापर्यंत पाहिजे.
"ताई, होते ना?"
"होते," म्हटलं.

ग्रामसेवकाला फोन लावला. चार गावांचा चार्ज, एक मोटरसायकल.
"माह्याजवळ नाही बा. ढेंगळेजवळ असन."
ढेंगळे माझ्या आधीचा. आता आर्णीच्या स्टँडवर
मोबाइलच्या काचा बदलतो.
"हाये ना पासवर्ड," म्हणाला,
"सात महिन्याचं मानधन बाकी हाये माहं.
पंचायतनं ते ठेवलं, मी हे ठेवलं."
मला राग यायला हवा होता.
माझे तीन महिने झाले होते.

बेबीताई आल्या, सरपंच.
पंख्याखाली बसल्या, म्हणाल्या, वाच काय लिहिलं ते.
वाचलं.
त्या राखाडी 'हो'कडे बराच वेळ पाहत राहिल्या.
"पाटीवर नाव माहं. खुर्ची माही.
शिक्का यायच्या शर्टाच्या खिशात.
मले वाटे, हे माणसाईतच अस्ते."
मग उठल्या. "थांब, घरून येतो."

दहा मिनिटांत आल्या.
सीपीयू चादरीत बांधला,
स्कूटीवर आम्हा दोघींच्या मधे,
तापलेलं लेकरू दवाखान्यात न्यावं तसा.
नाल्याच्या पुलावर खड्डा आला
तेव्हा बाईंनी त्याला पोटाशी धरलं.

ढेंगळेनं आम्हाला पाहिलं, सीपीयू पाहिला,
स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला नाही.
बाई म्हणाल्या, "येत्या सभेत तुह्या मानधनाचा ठराव मांडतो.
हिच्याही."
"ठराव होईन. शिक्का?"
बाईंनी पर्स उघडली,
चष्म्याच्या डबीतून काढून काउंटरवर ठेवला,
फुटक्या काचांच्या शेजारी.
"आंघोळीले गेलते," एवढंच म्हणाल्या.

ढेंगळे हसला नाही. की-बोर्ड स्वतःकडे वळवला.
मी ठिपके मोजले, अकरा.
'हो' निळं झालं.
"आता तुह्या नावानं खातं करतो. हे घे,
पासवर्ड तूच टाक. मी तिकडं पाहतो."
आणि खरंच पाठ करून उभा राहिला,
दिग्रसची गाडी लागत होती ती पाहत.

दीड वर्ष मी विचार केला होता
त्याचा पासवर्ड काय असेल.
माझा काय असेल, हे कधी मनात आलंच नव्हतं.
बोटं तशीच राहिली, अक्षरांवर, न टेकता.
बाई म्हणाल्या, "सोपा नको टाकू. आन मलेही सांगू नको."

चोपन्न टक्क्यांवर आर्णीची लाईट गेली.
इन्व्हर्टर कण्हला, पण टिकला.
भूमिकाचा फोन: "ताई, होते ना?"
मी बाईंकडं पाहिलं.
त्यांनी स्टुलावर मांडी घातली, पदरानं वारा घेतला.
"सांग तिले, होते.
आन तू घाई नको करू व.
घरी गेल्यावर मले बोलणेच खाणे हायेत,
तवरक इथीच बसू दे."